मणक्यातला गॅप, खिशातला गॅप

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या कंबरदुखीच्या भाषेत एका नव्या शब्दाची भर पडली आहे. गॅप. पूर्वी कंबर धरायची, उसण भरायची, लचक भरायची, म्हातारपणी वात यायचा. आता मणक्यात गॅप पडतो. लग्नाच्या हॉलवर एखादी काकू खुर्ची ओढून घेताना सांगते, "मला गॅप आहे ना." समोरची लगेच म्हणते, "मलाही. एल फोर, एल फाइव्ह." जणू दोघी एकाच शाळेच्या माजी विद्यार्थिनी!

मी एकदा नात्यातल्या पाच जणांना विचारलं, हा गॅप म्हणजे नक्की काय हो? दोघांनी सांगितलं, मणके एकमेकांपासून लांब गेलेत. दोघांनी सांगितलं, मणके एकमेकांना घासतायत. पाचवे म्हणाले, डॉक्टरांनी फोटोत पेन्सिलीने दाखवला होता, एवढं पुरे नाही का?

तर आधी हे निस्तरू. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती असते, तिला आपण गादी म्हणतो. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. साध्या एक्स-रेमध्ये ही गादी दिसत नाही, तिथे नुसती मोकळी जागा दिसते. वय वाढतं तशी गादीतलं पाणी कमी होतं, ती चपटी होते आणि ती मोकळी जागा अरुंद दिसायला लागते. म्हणजे झालंच तर गॅप कमी होतो, पडत नाही. पण "गॅप पडला" म्हटलं की भिंतीला तडा गेल्यासारखं चित्र डोळ्यासमोर येतं, आणि तडा गेला की गवंडी बोलवावा लागतो.

हा गवंडी हल्ली शहराशहरांत दुकान थाटून बसलाय. त्याच्या यंत्राचं नाव 'नॉन-सर्जिकल स्पायनल डीकॉम्प्रेशन'. मराठी पत्रकावर 'विना ऑपरेशन मणक्यावरील दाब कमी करणारी अत्याधुनिक अमेरिकन उपचारपद्धती'. पेपरात घातलेलं हे पत्रक आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी येतं. "तुमच्या मणक्यात गॅप आहे? आम्ही गॅप वाढवून देतो." गॅप पडलेला माणूस गॅप वाढवून घ्यायला पैसे भरून जातो, आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. शब्दाची जादू ती हीच.

आता यंत्र काय करतं ते बघू, कारण ते पाहिल्याशिवाय बोलणं बरोबर नाही. (मी पाहिलंय. आत्याबरोबर गेले होते. त्याबद्दल पुढे.) एक गुबगुबीत टेबल असतं, त्याचे दोन भाग. खालचा भाग रुळांवर मागे सरकू शकतो. तुमच्या छातीभोवती एक पट्टा, कमरेभोवती दुसरा. वरचा पट्टा टेबलाला अडकवतात, खालचा मोटरला. पडद्यावर तुमच्या वजनाचा आकडा टाकतात, त्यावरून किती किलोचा ताण द्यायचा ते ठरतं. मग मोटर ओढते, मिनिटभर धरते, सैल सोडते, पुन्हा ओढते. असं अर्धा-पाऊण तास. एसी, मंद दिवे, संथ बासरी. अशा वीस-बावीस 'सिटिंग', साधारण सहा आठवड्यांत.

ज्यांनी १९८०-९० च्या दशकात कुठल्याही सरकारी किंवा धर्मादाय इस्पितळाचा अस्थिरोग वॉर्ड पाहिलाय त्यांना काही आठवतंय का? लोखंडी खाट, पायाकडच्या बाजूला खाली विटा, कमरेला कॅनव्हासचा पट्टा, दोन दोऱ्या, कप्पी आणि टोकाला वजनं. "वजन लावलंय" असं म्हणायचे. डॉक्टर त्याला ट्रॅक्शन म्हणायचे. मोटरचं ट्रॅक्शन नंतर फिजिओथेरपीच्या ओपीडीत आलं, आजही आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या फिजिओताई ते दोन-तीनशे रुपयांत लावतात आणि वर सांगतात, "याने फार काही होईल असं समजू नका, व्यायाम करा."

माणसाला दोन्हीकडून ओढायची कल्पना तर त्याहूनही खूप जुनी. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांत ताण देण्याचा लाकडी बाक आहे. कुबड सरळ करायला माणसाला शिडीला बांधून उंचावरून झटका द्यायची रीतसुद्धा आहे. आणि गंमत म्हणजे तिथेच असंही म्हटलंय की हा शिडीचा प्रकार बहुतेक ते वैद्य करतात ज्यांना गर्दीने आ वासून बघायला हवं असतं, रोगी बरा झाला की नाही याची चौकशी नंतर कुणी करत नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीची तक्रार. शिडीच्या जागी टचस्क्रीन ठेवा, बाकी वाक्य तसंच चालेल.

डीकॉम्प्रेशनवाल्यांना हे सांगितलं की ते दुखावतात. "मॅडम, हे ट्रॅक्शन नाही. ट्रॅक्शनमध्ये स्नायू आखडतात. आमचं मशीन कॉम्प्युटराइज्ड आहे, स्नायूला कळायच्या आत ते ताण देतं, गादीच्या आत व्हॅक्यूम तयार होतो आणि बाहेर आलेला गर आत ओढला जातो." आणि मग हुकमाचा एक्का: "एफडीए अप्रूव्हड आहे."

इथे थोडं थांबते, कारण मला सगळ्यात जास्त चीड येते ती इथेच.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या डॉ. अ‍ॅलन डायर यांचं व्हॅक्स-डी नावाचं टेबल आलं, तिथून हा सगळा बाजार सुरू झाला. मग त्याच घराण्यातली इतर यंत्रं आली. अमेरिकेत ती विकायला एफडीएची वाट धरावी लागते, पण ती वाट नव्या औषधासारखी नसते. तिथे एक सोपा दरवाजा आहे, त्याला फाइव्ह-टेन-के म्हणतात. त्यात कंपनी असं सांगते की आमचं यंत्र आधीपासून बाजारात असलेल्या अमुक यंत्रासारखंच आहे, म्हणून आम्हालाही विकू द्या. एफडीए कागदपत्र बघते आणि 'क्लिअर' करते. रोगी बरे होतात हे मोठ्या चाचण्यांनी सिद्ध करून दाखवा, अशी अट सहसा नसते. म्हणूनच 'क्लिअर्ड' आणि 'अप्रूव्हड' हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि क्लिअरन्स मिळालं म्हणजे एफडीएने यंत्राला मान्यता दिली असं भासवणं ही दिशाभूल आहे, हे एफडीएच्या नियमांतच लिहिलेलं आहे.

आता सांगा, ही यंत्रं कशासारखी आहेत म्हणून क्लिअर झाली? विजेवर चालणाऱ्या ट्रॅक्शनच्या यंत्रासारखी! वर्गच तो आहे. म्हणजे सरकारी टेबलावर अर्ज ठेवताना "साहेब, आम्ही ट्रॅक्शनच आहोत, जुनंच आहे, घाबरू नका," आणि रुग्णापुढे पत्रक ठेवताना "छे छे, ट्रॅक्शनचा आणि आमचा काय संबंध!" एकाच माणसाने तहसीलदाराकडे गरिबीचा दाखला मागावा आणि व्याह्यांकडे बंगल्याचे फोटो पाठवावेत, तसं हे आहे.

बरं, व्हॅक्यूमचं काय? त्यालाही एक आधार आहे, खोटं नाही. १९९४ साली रामोस आणि मार्टिन या दोघांनी न्यूरोसर्जरीच्या एका चांगल्या नियतकालिकात निबंध छापला. गादीत सुई घालून, टेबलावर ताण देताना आतला दाब मोजला, तो उणे शंभर मिलिमीटरच्याही खाली गेला. रुग्ण किती? पाच. आणि मोजलं काय? दाब. दुखणं थांबलं का, चकती आत गेली का, टेबलावरून उठून उभं राहिल्यावर दाब किती झाला, यातलं काही त्या मोजणीतून कळत नाही. मुळात दाब कमी करायला यंत्रच लागतं असंही नाही. रात्री आडवं झालं की गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण सगळेच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो. संध्याकाळपर्यंत पुन्हा मूळ पदावर. तुमच्या घरातली सतरंजी रोज आठ तास फुकट डीकॉम्प्रेशन करते आणि पावती मागत नाही.

आणि ते नासा! जवळजवळ प्रत्येक पत्रकावर कुठेतरी नासा असतंच. "अंतराळवीरांची कंबरदुखी अंतराळात नाहीशी होते असं दिसून आलं, त्यावरून हे तंत्रज्ञान विकसित झालं." हे वाचून मला खरंच हसू आलं, कारण गोष्ट बरोबर उलटी आहे. गुरुत्वाकर्षण नसलं की पाठीचा कणा लांबतो, काही सेंटिमीटर उंची वाढते, म्हणजे अगदी पत्रकात लिहिलंय तसं डीकॉम्प्रेशन, तेही चोवीस तास. परिणाम? नासाने आपल्या अंतराळवीरांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निम्म्याहून जास्त जणांची पाठ तिथे दुखली होती, बहुतेकांची पहिल्या काही दिवसांत. आणि आराम कशाने पडायचा, तर गुडघे पोटाशी घेऊन मुटकुळं करून झोपल्याने. परतल्यावरची कथा आणखी वाईट. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकी अंतराळवीरांमध्ये गादी सरकण्याचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त निघालं. आता नासाचं नाव कुणी घ्यायचं, त्यांनी की मी?

तरी, आधार कच्चा असला म्हणून उपचार वाईटच असं नाही. खूप औषधं आधी लागू पडली आणि मग कळली. म्हणून खरा प्रश्न एकच: ओढलेले लोक न ओढलेल्यांपेक्षा जास्त बरे होतात का?

हे तपासायची रीत सोपी आहे. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला खरा ताण, दुसऱ्याला तेच टेबल, तेच पट्टे, तीच बासरी, पण ताण नावापुरता. नेदरलँड्समध्ये १९९५ साली साध्या ट्रॅक्शनची अशी चाचणी १५१ रुग्णांवर झाली, लॅन्सेटमध्ये आली, फरक दिसला नाही. "ते जुनं ट्रॅक्शन!" बरं. २००९ साली पुन्हा नेदरलँड्समध्येच, कॉम्प्युटरवाल्या, डीकॉम्प्रेशनच्याच यंत्रावर, जुनाट कंबरदुखीच्या ६० रुग्णांवर अशीच चाचणी झाली. २० सिटिंग, सहा आठवडे, अगदी पत्रकाबरहुकूम. निकाल असा की खऱ्या ताणवाल्यांचं दुखणं चांगलं कमी झालं. आणि खोट्या ताणवाल्यांचंही. दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही.

२०१३ साली कॉक्रेनने, म्हणजे जगभरच्या चाचण्या गोळा करून तपासणाऱ्या संस्थेने, ट्रॅक्शनच्या ३२ चाचण्या, २,७६२ रुग्ण एकत्र पाहिले. वेदना, हालचाल, कामावर परत जाणं, कशावरच ट्रॅक्शनचा फारसा परिणाम दिसला नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली स्पष्ट लिहिलं, कंबरदुखीला ट्रॅक्शन देऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात 'नेहमीच्या उपचारात नको' अशा यादीत ट्रॅक्शन आहे, कमरेचा पट्टाही आहे. (पट्टेवाल्यांनो, तुमच्यावर वेगळं लिहीन.) आणि अमेरिकेतली ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, तिने तर १९९७ सालीच व्हॅक्स-डीचे पैसे द्यायला नकार दिला होता. ज्या देशाचं नाव सांगून हे आपल्याकडे विकलं जातं, त्या देशाचं सरकार आपल्या म्हाताऱ्यांसाठी यावर खर्च करायला तयार झालं नाही.

दुसऱ्या बाजूचंही सांगते, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं वेचलं. २०२२ साली लाहोरच्या काही फिजिओथेरपिस्टांनी पायात कळ जाणाऱ्या ६० रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना नेहमीची फिजिओथेरपी, निम्म्यांना तीच फिजिओथेरपी आणि वर डीकॉम्प्रेशन. दुसरा गट जास्त सुधारला. पण त्यात खोट्या ताणाचा गट नव्हता. म्हणजे एका गटाला यंत्र, पट्टे, जास्तीचा वेळ, जास्तीची माणसांची ऊठबस, आणि दुसऱ्याला ते नाही. नेदरलँड्सच्या खोट्या टेबलावरचे लोक ज्याने सुधारले, तेच इथेही घडलं नसेल कशावरून? उद्या मोठी, नीट चाचणी होऊन निकाल बदलला तर मी हाच मजकूर खोडून दुसरा लिहीन. पण आज विकतायत ते आजच्या पुराव्यावर विकायला हवं.

आता आत्या.

(हे तिला विचारून लिहितेय. "लिही, पण माझं वजन लिहू नकोस" एवढीच अट.) आत्याची कंबर गेल्या पावसाळ्यात धरली, डाव्या पायात कळ जायला लागली. एमआरआय झाला. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, एका केंद्रात नेलं. केंद्राचं नाव लिहीत नाही, अशी गल्लोगल्ली आहेत. पहिली भेट फुकट. तिथे एका तरुणाने एमआरआय खिडकीवर धरला आणि म्हणाला, "आजी, गादी बाहेर आलीये. आज ना उद्या ऑपरेशन. ऑपरेशनमध्ये कधीकधी पाय जातो. आमच्याकडे वीस सिटिंग घ्या." ४५,००० रुपये. आगाऊ. आत्याने शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवलंय, पण 'पाय जातो' यापुढे गणित चालत नाही.

सहा आठवड्यांनी तिला बरं वाटलं. चांगलंच वाटलं. चार महिन्यांनी पुन्हा दुखायला लागलं आणि आता 'मेंटेनन्स पॅकेज' समोर आहे. घरात दोन तट पडलेत. दादाचं म्हणणं, "तू काहीही म्हण, आईला गुण आला होता."

दादा, आला होता. मी कधी नाही म्हटलं? माझं म्हणणं एवढंच की तो यंत्राचा होता हे कशावरून? कंबरदुखीचा जोर बहुतेकांचा पहिल्या सहा आठवड्यांतच उतरतो, काही करा वा न करा. आणि पॅकेज किती आठवड्यांचं असतं? सहा. पाऊस थांबायच्या सुमारास यज्ञ ठेवला की पाऊस थांबवल्याचं पुण्य मिळतंच. शिवाय माणूस उपचाराला जातो कधी, तर दुखणं शिगेला पोचलं की. शिगेवरून वाट खालीच असते.

बाहेर आलेली गादीही पुष्कळदा आपली आपण विरघळते. २०१५ साली जुने अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ज्यांचा गर कडं फोडून बाहेर आला होता त्यांच्यात सुमारे ७० टक्क्यांत, आणि ज्यांचा तुकडा सुटाच पडला होता त्यांच्यात ९६ टक्क्यांत, तो आपोआप आक्रसला होता. शरीर त्याला परकं समजून खाऊन टाकतं. म्हणजे एमआरआयवर जे सर्वांत भयंकर दिसतं तेच बऱ्याचदा स्वतःहून जातं! केंद्रवाल्याने 'आधीचा' आणि 'नंतरचा' फोटो शेजारी लावला की आपण हात जोडतो, पण न गेलेल्याचा 'नंतरचा' फोटो कुणी काढलेलाच नसतो.

आणि 'आधीचा' फोटो तरी किती खरा मानायचा? त्याच वर्षी, २०१५ मध्येच, पाठ अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्यांचा आढावा निघाला. विशीतल्या ३० टक्के लोकांची गादी फुगलेली होती, ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांची. न दुखता! म्हणजे पन्नाशीनंतर एमआरआय काढला आणि काही सापडलं नाही तर उलट आश्चर्य. आत्याच्या रिपोर्टवर जे सात ओळींचं इंग्रजी आहे, त्यातल्या निदान पाच ओळी तिच्या भिशीतल्या सगळ्या बायकांच्या रिपोर्टवर येतील. दुखत नाही म्हणून त्यांनी काढला नाही, इतकंच.

ऑपरेशनच्या भीतीबद्दल तर मला या लोकांना कोर्टातच उभं करावंसं वाटतं. 'एकतर सुरी, नाहीतर आम्ही' हा जो पर्याय पुढे ठेवतात, तो खोटा आहे. २००७ साली नेदरलँड्समधली (पुन्हा तेच! या डच लोकांच्या कंबरेने जगावर उपकार केलेत) एक चाचणी प्रसिद्ध झाली. पायात तीव्र कळ असलेले २८३ रुग्ण, निम्म्यांचं लवकर ऑपरेशन, निम्म्यांना थांबून बघू. ऑपरेशनवाल्यांना लवकर आराम पडला, यात शंका नाही. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांत ९५ टक्के बरे. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात ऑपरेशन करावं लागलं, म्हणजे बाकीच्यांना लागलं नाही. तिसरा पर्याय होता, 'वेदनेचं औषध घेत, हिंडत-फिरत वाट पाहणे.' त्याचं पॅकेज नसतं, म्हणून तो कुणी सांगत नाही.

"पण नुकसान तर नाही ना झालं?" हे आमच्या घरातलं तिसरं पालुपद. शरीराचं नुकसान क्वचित होतं, पण होतं. २००३ साली मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात एका रुग्णाची हकीगत आली होती, व्हॅक्स-डीच्या टेबलावर असतानाच त्याची गादी अचानक आणखी बाहेर आली. एकच रुग्ण, त्यावरून घाबरवणार नाही, नाहीतर माझ्यात आणि खिडकीवर एमआरआय धरणाऱ्यात फरक काय. हाडं ठिसूळ असलेल्यांना मात्र असं ओढायचं नसतं, आणि आत्याला ते कुणी विचारलं नव्हतं हे मी स्वतः ऐकलंय.

खरं नुकसान वेगळं आहे. सहा आठवडे आत्याला सांगितलं गेलं की वाकू नको, उचलू नको, जिने चढू नको, गॅप बसतोय. जी बाई रोज सकाळी टेकडीच्या पायथ्यापर्यंत जायची ती बाल्कनीपर्यंत यायला घाबरायला लागली. कणा म्हणजे काचेचं सामान, आणि ते नीट ठेवणं यंत्राचं काम, हे एकदा डोक्यात बसलं की माणूस आपल्याच पाठीला परका होतो. त्याची पावती ४५,००० च्या पावतीत धरलेली नसते.

मग करायचं काय? आधी ते, ज्यात एक दिवसही थांबायचं नाही: लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचलता न येणं, किंवा पायातली शक्ती भराभर जाणं. असं झालं तर तडक मोठ्या इस्पितळात, त्याच दिवशी. ताप, पूर्वीचा कॅन्सर, पडल्यानंतरचं दुखणं, हेही डॉक्टरांना आधी सांगायचं. तिथे ऑपरेशन हा शत्रू नाही, तिथे तो पाय वाचवतो.

यातलं काही नसेल तर उत्तर इतकं साधं आहे की सांगायला लाज वाटते. चाला. २०२४ साली लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातली चाचणी आली, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांची. एका गटाला फिजिओने हळूहळू चालणं वाढवायला शिकवलं, आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासापर्यंत. दुसऱ्याला काही नाही. दुखणं परत यायला दुसऱ्या गटात साधारण ११२ दिवस लागले, चालणाऱ्यांत २०८. जवळजवळ दुप्पट. परत येतंच बऱ्याचदा, हे आत्यालाही कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून चार महिन्यांनी दुखल्यावर तिला वाटलं आपलंच काही चुकलं. काही चुकलं नाही. कंबरदुखी सर्दीसारखी येते-जाते.

फिजिओथेरपिस्टांवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगते. उलट चांगला फिजिओ हाच यातला खरा माणूस. तो तुम्हाला टेबलावरून उठवतो. राग आहे तो पत्रकावर. मला वाटतं त्यावर यंत्राचं नाव तेच छापायला लावावं जे एफडीएच्या कागदावर आहे: विजेवर चालणारं ट्रॅक्शन यंत्र. आणि पैसे दर सिटिंगला घ्यावेत, वीसचे आगाऊ नव्हे. गुण येत असेल तर माणूस उद्या येईलच की, त्याला बांधून ठेवायला टेबलावरचे पट्टे पुरेसे आहेत.

आत्याला दुसऱ्या पॅकेजवर दहा टक्के सूट देऊ केली आहे. मुदत या शनिवारपर्यंत. शनिवारी सकाळी साडेसहाला मी तिला न्यायला येतेय, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. दादा, तूही ये, तुझी पण कंबर मागच्या महिन्यात धरली होती असं ऐकलं.